एका श्वासाची ओळ

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. शाळेचं पुस्तक नंतर आलं. आमच्या घरी गुलाबी, पिवळ्या आणि फिकट हिरव्या कागदाची पत्रकं सगळीकडे असत: डब्यांच्या तळाशी, कपाटाच्या फळ्यांवर, माझ्या वह्यांच्या कव्हरांवर. पहिलीत, हिंदी शाळेत, बहनजींनी ‘म’पासून सुरू होणारा शब्द विचारला. बाकीची मुलं मछली म्हणाली, मटर म्हणाली. मी मजदूर म्हणाले. बहनजींनी विचारलं, तुझे वडील काय करतात? मी सांगितलं, सरकारी नोकरी.

बाबा बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत बाबू होते. दिवसभर साहेबांच्या सहीसाठी मसुदे तयार करायचे आणि संध्याकाळी हातपाय धुऊन, चहा पिऊन उकव्याच्या मँगनीज खाणीतल्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. बहुतेक हिंदीत, कधी मराठीत. सरकारी माणूस म्हणून त्यांचं नाव त्यावर कधीच नसे. छापलेला गठ्ठा न्यायला सुट्टीच्या दिवशी बैहरच्या बसने खाणीतले एक काका येत. ते ड्रिल मशीनवर काम करायचे, त्यामुळे त्यांना जरा कमी ऐकू यायचं आणि ते सगळंच मोठ्याने बोलायचे. पाळी बदलताना, भोंगा व्हायच्या आत, खाणीच्या गेटवर उभं राहून पत्रक वाचून दाखवण्याचं काम त्यांचं होतं.

म्हणून बाबांचा एक नियम होता. पत्रकाची ओळ एका श्वासात वाचून झाली पाहिजे. लिहून झालं की ते खोलीत फेऱ्या मारत मोठ्याने वाचून बघत. स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, “ही लांबली. मधात दम खाल्ला तुमी.” बाबा थांबायचे, ओळ कापायचे आणि पुन्हा फेरी. खाणीत ताण वाढला, कोणाची बदली झाली, कोणाला काढलं, की मात्र फेऱ्या बंद होत. शेजारी ऐकू जाईल म्हणून बाबा तेव्हा ओठसुद्धा न हलवता लिहायचे.

दुसरा नियम सह्यांचा. पत्रकाच्या खाली कामगारांची नावं गोलात छापायची. एकाखाली एक लिहिली तर जो वर तो पुढारी ठरतो आणि त्यालाच आधी घरी बसवतात. गोलात पहिला कोण हे कोणाला सांगता येत नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगात सह्या अशाच करतात.

बाबा निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांची नजर बाजूंनी विझत आली. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांवर काही काळ टिकेल, असं ते म्हणाले. पुढे चांगल्या मनाने असंही म्हणाले की आता घरच्यांनी वाचून दाखवत जा. मला त्या चांगल्या मनाचा राग आला. परतीच्या बसमध्ये मी तो राग बोलूनही दाखवला. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

“ट्रंकेतली पत्रकं मले एकदा सगळी वाचाची हायेत,” ते म्हणाले.

“मी वाचून दाखवते न, बाबा.”

“तू वाचशीन तं ते तुह्यं होते. मले माह्यं मी वाचाचं हाय.” मग जरा हळू आवाजात: “नोकरीत राहून लिहिलं. कायम धाकधूक. भीतीत लिहिलेलं खरं हाय का खोटं, एवढं पाहाचं हाय. दिसते तोवर.”

प्रत्येक पत्रकाची एक प्रत त्यांनी ट्रंकेत, सुतळीने बांधून ठेवली होती. पण ती अक्षरं बारीक होती, शाई फिकी, कागद रंगीत. भिंग लावूनही त्यांना अर्धा शब्द दिसायचा आणि उरलेला अर्धा हरवायचा. तेव्हा मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासने नवी मशीन घेतली तेव्हा एक जुनी माझ्याकडे आली होती. काळा पडदा, त्यावर हाताच्या पंजाएवढी पांढरी अक्षरं, एका वेळी एकच ओळ आणि स्पेसबार दाबला की पुढची. एवढंच करायचं होतं.

हे सरळ टाइप करूनही झालं असतं. पण आमच्याकडे तेव्हा सगळे ज्या फाँटमध्ये टाइप करायचे, तो फाँट दुसऱ्या मशीनवर नसला की मजकुराचा नुसता कचरा दिसायचा. आपली अक्षरं दुसऱ्याच्या मेहरबानीवर ठेवायची हे मला मंजूर नव्हतं. त्याच सुमारास मी एक्सएमएल शिकत होते आणि त्याच्या प्रेमात होते. ती साध्या अक्षरांची फाइल असते. कोणत्याही मशीनवर उघडते, कोणाच्या मालकीची नसते. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याआधी टोकदार कंसात त्याचं नाव लिहायचं आणि तुकडा संपला की तेच नाव, एक तिरपी रेघ घालून, पुन्हा लिहायचं. नावं आपण ठरवायची, आणि ती आपल्या लिपीतही चालतात. हे कळलं त्या दिवशी मी क्लासमधून घरी येईपर्यंत हसत होते. माझ्या फाइलीत ‘पत्रक’ होतं, ‘ओळ’ होती, ‘सही’ होती. प्रोग्रामने ही नावं वाचायची आणि त्यावरून ओळखायचं की ही ओळ आहे, मोठी दाखवायची. ही सही आहे, वेगळी दाखवायची.

सकाळी आई कागद धरून वाचायची आणि मी टाइप करायचे. बाबा त्या वेळी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसत. आधीच ऐकून टाकलं तर वाचायचं काय उरलं? आईने मात्र एवढी वर्षं हे सगळं फक्त भिंतीपलीकडून ऐकलेलं. आता ती मधेच थांबून म्हणायची, “हे चांगलं लिहिलं हो यानं.” जणू लिहिणारा कोणी परका होता.

पहिलं पत्रक टाइप झालं, दुसरं झालं, आणि आम्ही एका भलत्याच गोष्टीवर अडलो. एक्सएमएलचा नियम असा आहे की फाइलीत सगळ्यांना पोटात घेणारं सर्वांत बाहेरचं नाव एकच असावं लागतं. पत्रकं नुसती शेजारीशेजारी ठेवून चालत नाही. प्रोग्राम पहिलं पत्रक वाचतो आणि दुसऱ्यापाशी तक्रार करून बंद पडतो. मी हे बाबांना सांगितलं आणि विचारलं, त्या एका नावाचं काय करू? मी म्हणाले, “सगळ्यांच्या वर एक पाहिजे, बाबा.” तिथेच घोळ झाला.

“काहून?”

“नियम आहे.”

“कोनाचा नियम? वर कोनी नको.”

खरं सांगायचं तर मलाही ते खटकत होतंच. मी एक अख्खा आठवडा प्रत्येक पत्रकाची वेगळी फाइल करून बघितली, फक्त त्या एकाला वर बसवायला नको म्हणून. प्रोग्राम फायलींच्या गर्दीत क्रम चुकवायचा आणि मी तत्त्वाला चिकटून राहायचे. रविवारी काका आले. त्यांच्यासमोर विषय निघाला, तर तेही बाबांच्याच बाजूने.

“सबके ऊपर एक? फिर हमने यूनियन काहे को बनाई, बिटिया?”

आई गॅसवर चहा ठेवून दारात आली. “वर कुठं हाय ते? बाहीर हाय. तुमचा गठ्ठा सुटू नाई म्हनून त्याले सुतळी बांधता न? सुतळी काय पुढारी असते का? तिले गठ्ठाच म्हना अन् मोकळे व्हा. चहा उतू जाऊन राह्यला.”

बाबांनी काकांकडे पाहिलं, काकांनी बाबांकडे. “हौ,” बाबा म्हणाले. तेव्हापासून आमच्या फाइलीचं सर्वांत बाहेरचं नाव ‘गठ्ठा’ आहे. मी एक आठवडा वाया घालवला होता आणि आईने तो प्रश्न चहा उकळेपर्यंत सोडवला.

सह्यांचं त्याहून अवघड. फाइलीत गोल नसतो. काहीही केलं तरी एक नाव आधी येतं, एक नंतर. मी काकांचं नाव सोयीने आधी टाइप केलं होतं. ते कळल्यावर काका, जे स्वतः रिटायर झाले होते आणि ज्यांना आता कोणी कुठे बदली करून पाठवणार नव्हतं, ते कप खाली ठेवून म्हणाले, “हमको पहले मत रखो.” ती गंमत नव्हती. मी विचार करून दुसरी वाट काढली. नावं फाइलीत कशीही असोत, प्रोग्रामने सगळ्या सह्या वाचून घ्यायच्या आणि पडद्यावर गोलात मांडायच्या, आणि गोल कुठून सुरू करायचा ते दर वेळी नव्याने, चिठ्ठी उचलल्यासारखं ठरवायचं. मग फाइलीतल्या क्रमाला काही अर्थच उरत नाही. मी काकांना तीन-चारदा करून दाखवलं. त्यांचं नाव कधी खाली, कधी डावीकडे, कधी वर. काका पडद्याला नाक लावून स्वतःला शोधत राहिले आणि सापडले की खूश होत. “अब कोई नहीं पकड़ सकता,” ते म्हणाले.

बाबांचं आणखी एक म्हणणं होतं. प्रत्येक पत्रकासोबत मूळ कागदाचं चित्रही फाइलीत हवं. “नाईतर तू काय बदललं, कोन पाहाले बसलं?” ते मला म्हणाले. मी दुखावले, पण पटलंही. क्लासच्या स्कॅनरवर मी सगळी चित्रं काढून आणली. असं चित्र फाइलीत भरलं की त्याची अक्षरांची न संपणारी रांग होते. फाइल फुगत गेली.

आणि मग ती सकाळ आली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डोळ्यांत थेंब टाकून, थोडा वेळ डोळे मिटून, ते खुर्चीत येऊन बसले. मी प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं. ते तसंच राहिलं. आई दोनदा डोकावून गेली. मशीन आतून गुरगुरत राहिली, आणि पहिली ओळ यायच्या आधीच लाइट गेली. त्या वर्षांत आमच्याकडे विजेची कपात अशी होती की सकाळची लाइट आली तरी किती वेळ राहील ते सांगता येत नसे. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि अंधाऱ्या पडद्यासमोरून उठायचे. मधल्या काळात डोळे काही थांबलेले नव्हते. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यांना आता चौकोन म्हणून दिसत होतं, तारखा गेल्या होत्या.

“पहिली ओळ वाचली का तुह्या मशीनीनं?” बाबांनी विचारलं.

“वाचली, बाबा. पण सगळी फाइल वाचून होईपर्यंत ती देत नाही.”

“काहून?”

मी समजावलं. मी निवडलेली पद्धत अशी होती की प्रोग्रामने आधी अख्खी फाइल वाचायची आणि मेमरीत तिचं झाड उभं करायचं. खोड म्हणजे गठ्ठा, फांद्या म्हणजे पत्रकं, पानं म्हणजे ओळी. मग मागाल ते पान तोडून द्यायचं. झाड एवढं मोठं झालं होतं की जुन्या मशीनच्या अंगणात मावत नव्हतं.

बाबांनी शांतपणे ऐकलं. “गेटवर असं कोनी केलं असतं, का आधी सगळं पत्रक मनात वाचून घेतो, मंग तुमाले सांगतो, तं भोंगा होऊन गेला असता. पहिली ओळ आली का मले दे. बाकीचं माह्या नशिबात असन तं येईन.”

मला मशीनचा राग आला होता, कपात करणाऱ्यांचा राग आला होता, त्यावर एक पत्रक लिहायची मी मनात तयारीही केली होती. पण बाबा म्हणाले ते माझ्या पुस्तकातल्या एका प्रकरणात होतं आणि ते मी कंटाळून उलटून टाकलं होतं. त्या पद्धतीत प्रोग्राम फाइलीतून फक्त पुढे चालत जातो. वाटेत नाव उघडलं की हाक मारतो: ओळ सुरू झाली. मग मजकूर हातात देतो. मग पुन्हा हाक: ओळ संपली. मागचं काहीच धरून ठेवत नाही, झाड-बिड काही नाही. आपण कुठे आहोत ते आपणच लक्षात ठेवायचं. मी सगळं नव्याने लिहिलं. चित्र आलं तर त्यावरून नुसतं पुढे निघून जायचं. हातात फक्त चालू पत्रक ठेवायचं, म्हणजे बाबांना त्यातली मागची ओळ पुन्हा बघता येईल. ते संपलं की सोडून द्यायचं.

स्पेसबार दाबला आणि पहिली ओळ तत्क्षणी आली. बाबांनी बोट उचलून अक्षरांवर ठेवलं आणि हळूहळू सरकवलं. एक शब्द, दुसरा शब्द. मग ते थांबले.

“ही ओळ अर्धी हाय,” ते म्हणाले. “मी अर्धी ओळ कधी लिहिली नाई.”

मी म्हणाले, पूर्ण आहे, मी टाइप केली आहे. ते म्हणाले, अर्धी आहे. दोघेही तापलो. आईने ट्रंकेतून कागद काढला आणि बाबांचंच खरं निघालं. झालं असं होतं की या पद्धतीत प्रोग्राम एका ओळीचा मजकूर एकदम देईलच असं नाही. कधी तो तुकड्यांत देतो, आणि मी पहिल्या तुकड्यालाच ओळ समजून दाखवत होते. ‘ओळ संपली’ अशी हाक येईपर्यंत तुकडे जमवत राहायचे, मगच दाखवायचं, एवढा बदल पुरला. बाबांना मी कारण सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे समोरच्याचं बोलनं संपू देत नव्हती तू.” आई आत हसली.

त्यानंतर बाबा रोज वाचू लागले. लाइट असेल तेव्हा, सकाळी. स्पेसबारचा टक् असा आवाज, मग बाबांचा पुटपुटण्याचा, मग टक्. अक्षरं मी वाढवत नेली. आधी एक ओळ मावायची, पुढे अर्धी, शेवटी दोन-तीन शब्द. पुढचा शब्द मला पाठ असायचा, जिभेवर आलेला असायचा. पण सांगायचा नाही असं ठरलं होतं आणि मी तो गिळायचे. आयुष्यात मी एवढी गप्प कधी बसले नव्हते.

काही ओळी मात्र पडद्यावर काही केल्या संपतच नसत. सरकवत जावं लागे. मला वाटलं टाइप करताना दोन ओळी जोडल्या गेल्या असतील. कागद बघितला तर तशाच होत्या, लांबलचक.

“तोडू का मधून?” मी विचारलं.

“नाई. हाय तशी राहू दे.”

शेवटचं पत्रक राहिलं तेव्हा बाबांनी निरोप पाठवून काकांना बोलावून घेतलं. रविवारी काका बैहरच्या बसने आले, सोबत जंगलातल्या चारांची, म्हणजे चारोळीच्या फळांची, पुडी. बाबा पडद्यासमोर, काका शेजारच्या स्टुलावर, आई आणि मी मागे. बाबा मोठ्याने वाचत होते. स्वतःचं पत्रक लोकांसमोर मोठ्याने वाचण्याची ती त्यांची पहिलीच वेळ होती. शब्द सापडायला वेळ लागत होता.

“बाबूजी, इतने धीरे पढ़ोगे तो भोंगा हो जाएगा,” काका म्हणाले.

“तुले कुठं पाळीवर जाचं हाय आता?”

वाचून संपलं. पडद्यावर सह्यांचा गोल आला. त्यात बाबांचं नाव नव्हतं, कधीच नसायचं. काकांनी स्वतःला शोधलं, मग विचारलं, “तो? सच निकला कि झूठ?”

बाबांनी चष्मा काढला. “खोटं नाई सापडलं. पन जिथं जिथं मी भ्यालो, तिथं तिथं ओळ लांबली. ‘परंतु’ घातला, ‘तथापि’ घातला. साहेब रागावन, नोकरी जाईन. सांगाचं ते आधीच सांगून झालं होतं, मंग त्याच्यावर नुसती माती लोटली. एका दमात कोनाले वाचता येईन ते? माह्यामुळं गेटवर तुमचा दम तुटत असन.”

काकांनी स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाले, “वो लाइनें? वो तो हम वहीं तोड़ देते थे. ‘परंतु’ के पहले रुक गए, बाकी चबा गए.”

“माह्यं लिहिलेलं तोडलं?”

“कायदा तो आपका ही था, बाबूजी. एक साँस.”

बाबांचे खांदे हलायला लागले. आईला वाटलं ते रडत आहेत आणि ती पुढे झाली, पण ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतलं पाणी पुसत. “मले कधी सांगतलं नाई,” ते म्हणाले.

“आपने कभी पूछा नहीं.”

बाबांनी चष्मा लावला. मला मागची एक ओळ काढायला सांगितली, त्या पत्रकातली सर्वांत लांब. पत्रक अजून हातात होतं, म्हणून काढता आली. त्यांनी अक्षरांवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. शेजारच्यांचं दार उघडल्याचा आवाज आला. बाबा थांबले नाहीत. बोट ‘परंतु’पाशी आलं, आणि तो शब्द न वाचताच त्यांनी तोंड मिटलं.

“हाँ,” काका म्हणाले, “ऐसे.”

बाबांनी चाचपडून स्पेसबार दाबला.